येऊरमध्ये डबी लपवू का? ठाणे-नवी मुंबईत जिओकॅशिंग करणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कामानिमित्त वर्षभर जर्मनीत होतो, तिथं जिओकॅशिंगची चटक लागली. आता मानपाड्याला राहतो. आठवीतल्या मुलीला सोबत घेऊन येऊरच्या जंगलात पाच-सहा डब्या आणि पाम बीच रोडला एक लपवायचा विचार आहे. परवानगी कोणाची लागते? डबी चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं? आणि इथली खेळणारी मंडळी भेटतात कुठे?"

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एका ओळीत: कुणीतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर टाकतं, बाकीचे जीपीएसनं ती शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि परत ठेवतात. या डबीलाच 'कॅश' म्हणतात. येऊरचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नको. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो आणि तिथं शिरायलाच वनखात्याची परवानगी लागते, मग प्लास्टिकचा डबा सोडून यायची गोष्ट तर दूरच. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी बिबट्या आहेच. शिवाय माकडं. चकचकीत झाकणाचा डबा माकडाच्या हाती लागला की तो तुमचा राहत नाही. आणि समजा सगळं निभावलं, तरी शोधायला येणारा माणूस पायवाट सोडून झुडपात शिरणार, त्याच्यामागून आलेला दुसरा तीच वाट आणखी रुंद करणार. दहा-पंधरा जण येऊन गेले की जंगलात नवी पायवाट तयार होते. वेबसाइटवर प्रत्येक डबीचं पान तपासून मंजूर करणारा रिव्ह्यूअर नकाशावर उद्यानाची हद्द बघूनच तुम्हाला परवानगीचा कागद मागेल, आणि तो तुमच्याकडे नसेल.

हेच उत्तर ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला लागू. २०१५ मध्ये ते अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. खाडीकाठची कांदळवनंही त्यातच धरा, मग ती ऐरोलीची असोत नाहीतर पाम बीच रोडच्या पलीकडची. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी उतरतात, आणि कॅमेरेवाल्यांची तिथं आधीच एवढी गर्दी असते की आपण त्यात डबी शोधणाऱ्यांची भर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ मुद्दा. परदेशात खेळून आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो. तिकडे डबी लपवताना तुम्ही शोधणाऱ्याचा विचार करता: त्याला मजा येईल का, कोडं जमलंय का, जागा सुंदर आहे का. इथं लपवताना आधी विचार करायचा तो खेळाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाचा. बागेतला माळी, सोसायटीचा वॉचमन, सकाळी चालायला येणारे आजोबा, बीट मार्शल. खेळाच्या भाषेत या सगळ्यांना 'मगल' म्हणतात आणि त्यांची नजर चुकवणं हा खेळाचाच भाग मानतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत मात्र हा भाग जपूनच खेळावा लागतो. लोकलमध्ये रोज दोनदा "बेवारस वस्तूला हात लावू नका" ऐकत मोठी झालेली ही माणसं आहेत. १९९३ आणि २००६ चे बॉम्बस्फोट इथं कुणी विसरलेलं नाही. रेलिंगमागे वाकून काहीतरी खुपसणारा माणूस दिसला तर त्यांनी ११२ फिरवणं योग्यच आहे, आणि तसं झालं तर दोष आपला.

म्हणून माझा पहिला नियम: जिथं कुणी हटकलं तर उजळ माथ्यानं उत्तर देता येणार नाही, तिथं लपवायचंच नाही. रेल्वे स्टेशन, रुळांचा परिसर, पूल, फ्लायओव्हरचे खांब, जेट्टी, जलशुद्धीकरण केंद्र, शाळेची भिंत, पोलीस किंवा संरक्षण खात्याच्या मालकीचं काहीही, हे सगळं बाद. खेळाच्या जागतिक नियमावलीतही यातल्या बऱ्याच जागांना मज्जाव आहे, पण ती नियमावली वाचायची गरज पडू नये. मंदिर, दर्गा, चर्च, गावदेवीचा पार यांच्या आसपासही नको. तिथं कुणी श्रद्धेनं दगड ठेवलेला असतो, आणि आपण तो 'खाली काही आहे का' म्हणून उचलून बघणार. बेलापूरच्या किल्ल्याचा बुरूज किंवा घोडबंदरचा किल्लाही नको. जुन्या दगडी बांधकामाच्या फटीत बोटं घालणाऱ्यांची संख्या वाढवण्यात काही शहाणपण नाही.

आणि डीपी. हे वेगळं लिहितो, कारण युरोपातून आलेल्या मंडळींना विजेच्या पेटीला चुंबकाची डबी चिकटवायची भारी हौस असते. तिकडे त्या पेट्या बंद आणि कोरड्या असतात. आपल्याकडच्या डीपीचं दार अर्धं उघडं, आत वायरींचा गुंता आणि खाली पावसाचं पाणी. तिकडे हात नेण्याचं कारण आपण कुणालाही द्यायचं नाही.

आता म्हणाल, मग उरलं काय? बरंच उरलं. पण त्याआधी तुमच्या 'पाच-सहा' या आकड्याबद्दल. एकच लपवा. डबी लपवणं हे कुत्रा पाळण्यासारखं आहे, आणण्याचा आनंद एका दिवसाचा असतो, फिरवायला रोज न्यावं लागतं. लॉगमध्ये, म्हणजे पानावरच्या नोंदींत, कुणी "वही भिजली आहे" लिहिलं की तुम्ही जाऊन बदलायची. दोन-तीन जणांना लागोपाठ सापडली नाही की जाऊन बघायचं. महिनाभर दुर्लक्ष केलंत तर रिव्ह्यूअर पान तात्पुरतं बंद करतो आणि मग कायमचं संग्रहात टाकतो. पान गेलं तरी डबा तिथंच पडून राहतो, म्हणजे कचराच. आपल्याकडच्या बेवारस कॅशांचा इतिहास जवळपास असाच आहे: कुणीतरी प्रोजेक्टसाठी दोन वर्षं आलं, हौसेनं चार डब्या ठेवल्या, बदली झाली, गेलं. म्हणून सुट्टीवर किंवा बदलीवर आलेल्या माणसाची कॅश रिव्ह्यूअर सहसा मंजूर करत नाहीत. मानपाड्याहून ज्या जागेला तुम्ही दर महिन्याला सहज जाऊ शकता, तीच तुमची जागा. पाम बीच रोड त्यात बसत नाही. ऐरोलीच्या पुलावरून जाऊन वही बदलणं एकदा होईल, दुसऱ्यांदा होणार नाही.

परवानगीचं म्हणाल तर जागेचा मालक कोण यावर सगळं आहे. महापालिकेची बाग असेल तर उद्यान विभाग. नवी मुंबईत एखादा भूखंड पालिकेचा की सिडकोचा हे शेजारच्या माणसालाही माहीत नसतं, आधी ते शोधा. अर्ज मराठीत करा, एका पानाचा. हा काय खेळ आहे ते चार ओळींत, डब्याचा फोटो मापासकट, नेमकी जागा दाखवणारा नकाशा, तुमचं नाव-पत्ता-फोन, आणि "सूचना मिळताच डबा स्वखर्चाने काढून घेईन" हे वाक्य. हे वाक्य असलं की समोरच्या अधिकाऱ्याचा चेहरा जरा सैल होतो. आवक-जावकचा शिक्का मारून पोच घ्या, पण ती पोच म्हणजे परवानगी नव्हे हेही लक्षात ठेवा. रिव्ह्यूअरला लिहिताना "अर्ज दिला आहे" आणि "परवानगी मिळाली आहे" यांत फरक करा. रिव्ह्यूअर हे बिनपगारी स्वयंसेवक असतात, ते जागेवर येऊन बघत नाहीत. नकाशा आणि तुमचा शब्द यावर ते निर्णय घेतात. त्यांना खोटं सांगून काम होतं, आणि म्हणूनच सांगू नये.

लेखी परवानगीइतकीच मोलाची असते ती तिथल्या माणसाची ओळख. बागेत माळी असेल, पहारेकरी असेल, तर त्याला डबा हातात देऊन दाखवा. "काका, हा खेळ आहे, लोक मोबाइल बघत येतील, हा डबा शोधतील, नाव लिहून परत ठेवतील" एवढं पुरतं. मुलगी सोबत असेल तर तिलाच सांगू द्या, मुलांच्या तोंडून हा खेळ मोठ्यांना लगेच पटतो. एकदा माळीकाकांना कळलं की ते तुमचे राखणदार होतात. तुमच्या चोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे. डब्या 'चोरीला' जातात असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा साफसफाई करणाऱ्यानं कचरा म्हणून उचललेल्या असतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर डब्यातच आहे. स्टीलचा डबा नको, काळा किंवा टेपनं गुंडाळलेला तर मुळीच नको, वायर किंवा बॅटरी असलेलं कोडंही नको. आतलं दिसेल असा पारदर्शक प्लास्टिकचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा आणि झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला डबा घ्या. जांभळी नाक्याला भांड्यांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. घरी आणून आत कोरडा टिश्यू ठेवा आणि बादलीत रात्रभर बुडवून वर वजन ठेवा. सकाळी टिश्यू ओला निघाला तर तो डबा स्वयंपाकघरात पाठवा. इथं दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो आडवाही पडतो. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी फिल्म रोलची डबी पहिल्या आषाढातच लगदा होते. सिलिका जेलची पुडी टाकून समाधान मानू नका, डबा दोन-चारदा उघडला की आपल्या हवेत ती ओलावा पिऊन निकामी होते. वही झिप लागणाऱ्या पिशवीत, आणि सोबत पेन्सिल. पेनची शाई ओलीत फुटते, पेन्सिलीचं अक्षर तसंच राहतं.

झाकणावर बाहेरून वाचता येईल अशी चिठ्ठी लावा, आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मी जो मजकूर वापरतो तो असा: "हा एका खेळाचा डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि छोटी खेळणी आहेत. धोक्याचे काहीही नाही. उघडून पाहा, हवे तर नाव लिहा आणि पुन्हा इथेच ठेवा. नको असल्यास या नंबरवर फोन करा, मी येऊन घेऊन जाईन." खाली मोबाइल नंबर, ठळक अक्षरात. जवळच्या पोलीस चौकीत जाऊन हीच चिठ्ठी दाखवून ठेवली तर उत्तम. दहा मिनिटं जातात, एक-दोन चेष्टेचे शेरे ऐकावे लागतात, पण पुढं कुणी तक्रार केलीच तर तिथल्या माणसाला आठवतं.

डब्यात खाण्याचं काहीही नको. चॉकलेट तर नाहीच, मुंग्या आणि उंदीर झाकण कुरतडतात. या नियमाची गंमत अशी की खेळातली पहिली डबी आज मंजूरच झाली नसती. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, आणि शंभरेक मीटरची चूक एकदम दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धी जमिनीत पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, सीडी, गलोल आणि शिजवलेल्या बीन्सचा एक डबा. आज खाद्यपदार्थ चालत नाहीत आणि परवानगीशिवाय जमिनीत खड्डा करूनही लपवता येत नाही. खिळा ठोकणं, झाडाला भोक पाडणं, भिंतीवर बाण रंगवणं, तेही नाही. त्या बादलीसोबत अल्मर यांनी सांगितलेला साधा नियम मात्र टिकला: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. घेतलेल्याच्या तोडीचं किंवा सरस ठेवायचं, एवढीच त्यात नंतर भर पडली. आपल्याकडे लोक स्टिकर, किचेन, परदेशी नाणी ठेवतात. मुलीला वारलीचे छोटे दगड रंगवून ठेवू द्या, शोधणाऱ्यांना ते फार आवडतात.

जागेबद्दल आता ठोस बोलतो. तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटते ती मल्टी, म्हणजे टप्प्याटप्प्यानं नेणारी कॅश. पहिले टप्पे डब्याविना ठेवायचे. ठाणं तलावांचं शहर आहे, त्याचा फायदा घ्या. मासुंदा तलावाभोवती इतकी वर्दळ असते की तिथं डबा ठेवणं वेडेपणा आहे, पण एखाद्या कोनशिलेवरचं साल वाचून घ्यायला कुणाचीच हरकत नाही. दोन-तीन ठिकाणचे असे आकडे जुळवले की शेवटच्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि तो शेवटचा डबा तुम्ही परवानगीच्या शांत जागेत ठेवता. कोनशिलाच धरा. दुकानाची पाटी, बॅनर, बागेतला फ्लेक्स यावर कोडं बेतलंत तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ते बदललेलं असेल. शेवटचा डबा दुसऱ्या कुठल्याही कॅशच्या प्रत्यक्ष डब्यापासून किमान १६१ मीटर दूर हवा. हा विचित्र आकडा मैलाच्या एक दशांशातून आला आहे.

तो शेवटचा डबा कुठं? माझ्या मते ओळखीच्या माणसाच्या खाजगी जागेच्या कडेला, जिथं बाहेरून कुणालाही पोचता येतं. एखादी रोपवाटिका, बंगल्याच्या कुंपणालगतची झाडाची कुंडी, क्लिनिकच्या बाहेरचा कट्टा. गेटबंद सोसायटीच्या आत नको, वॉचमन रजिस्टरमध्ये काय लिहिणार? दुकानाच्या आत जाऊन मालकाकडे मागायला लावणारी कॅशही चालत नाही, ती जाहिरात समजली जाते.

तुम्हाला डोंगरच हवा असेल तर अर्थकॅश करा. यात डबा नसतोच. २००४ मध्ये 'जिओलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका' या संस्थेच्या सहकार्यानं हा प्रकार सुरू झाला. जागेवर जाऊन खडक बघायचा, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि तुम्हाला पाठवायची. मालकाच्या परवानगीचा प्रश्न तिथंही येतो, पण मागं प्लास्टिक राहत नाही. आणि विषयाला तर आपल्याकडे तोटाच नाही. पारसिकच्या किंवा खारघरच्या डोंगरात रस्त्यासाठी कापलेला कडा दिसतो ना, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नीट बघितलं तर त्यात बारीक भोकं दिसतात, लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. काही भोकं पुढं पांढऱ्या खनिजांनी भरून गेली आहेत. शिवाय घाटमाथ्यावर हे थर आडवे दिसतात, तर आपल्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनं कललेले आहेत. पनवेलच्या परिसरातून गेलेल्या या वाकाला भूशास्त्रज्ञ पनवेल फ्लेक्शर म्हणतात. "थर कोणत्या दिशेला झुकलाय? दहा बोटभर भोकांपैकी किती भरलेली आहेत?" एवढे दोन प्रश्न विचारलेत तरी शोधणारा पाऊण तास दगडासमोर उभा राहतो. आठवीच्या मुलीसाठी यापेक्षा चांगला भूगोल नाही. फक्त जागा निवडताना रस्त्याच्या वळणावरची आणि पावसाळ्यात दरड येणारी टाळा. जूनपासून धबधब्यांवर प्रशासन मनाई करतं, पांडवकडा त्यात दरवर्षी असतोच, तेव्हा ते दिवस पान तात्पुरतं बंद ठेवा.

अक्षांश-रेखांश घ्यायची पद्धत. खेळात ते अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, तीन दशांशांपर्यंत. आपल्या भागात शेवटचा एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १.७५ मीटर. उघड्या आकाशाखाली चांगला फोन चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पण घोडबंदर रोडच्या चाळीस मजली टॉवरांमध्ये सिग्नल काचांवर आपटून येतो आणि बाण रस्त्याच्या पलीकडे जातो. फोन डब्याजवळ ठेवून पाच मिनिटं थांबा, मग आकडा टिपा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा. दोन्हींत दहा मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा जा. मग ते आकडे मुलीच्या फोनमध्ये घालून तिला एकटीला शोधायला लावा, तुम्ही लांब बसा. ती जिथं घुटमळते तिथं तुमचा इशारा, म्हणजे शोधणाऱ्यासाठी पानावर दिलेली 'हिंट', कमी पडतोय. हातातलं साधं जीपीएस यंत्र वापरायला हरकत नाही, पण परदेशातून आणलेलं, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय आपल्याकडे वापरता येत नाही, ते घरीच ठेवा.

इशाऱ्याबद्दल एक गंमत. वेबसाइट इशारा सांकेतिक करून दाखवते, प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढं सरकवून. देवनागरीला ही युक्ती लागूच होत नाही. म्हणजे तुम्ही इशारा मराठीत लिहिलात तर तो पानावर उघडाच दिसणार. म्हणून वर्णन खुशाल मराठीत आणि इंग्रजीत द्या, इशारा तेवढा रोमन लिपीत द्या.

वर्णनात काय लिहायचं याहून काय टाळायचं नाही ते सांगतो: "बिळात, फटीत हात घालावा लागत नाही" हे लिहा, आणि ते खरं असू द्या. फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही आपल्या भागात आहेत, विंचू तर दगडाखाली असतोच. डबा डोळ्यांना दिसेल पण चटकन लक्षात येणार नाही असा ठेवण्यात खरं कसब आहे. अंधार पडल्यावर येऊ नका, हेही लिहा.

शोधणाऱ्यांच्या शिष्टाचाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलीला शिकवावं लागेल. सापडली नाही तर 'सापडली नाही' अशी नोंद करायची. आपल्याकडे लोकांना ते लिहायची लाज वाटते, आणि मग मालकाला कळतच नाही की डबा गेलाय. वहीत सही न करता ऑनलाइन 'सापडली' लिहायचं नाही. डबा सापडला नाही म्हणून खिशातला दुसरा ठेवून 'सापडली' म्हणून मोकळं होणं हा तर मला सगळ्यात खटकणारा प्रकार. फोटोत लपवण्याची जागा दाखवायची नाही. डबा जसा होता तसाच ठेवायचा, 'अजून चांगला लपवतो' म्हणून सुधारणा करायच्या नाहीत. प्रवासी टॅग, म्हणजे क्रमांक असलेली वस्तू सापडली तर ती ठेवून घ्यायची नसते, तिचा हेतू वाचून पुढच्या डब्यात पोचवायची असते. आपल्या भागात डबे कमी, म्हणून टॅग महिनोन्‌महिने अडकून पडतात. तुम्ही किंवा ओळखीचं कुणी बाहेरगावी जाणार असाल तेव्हाच उचला. आणि नोंद चार शब्दांची नको. नुसतं 'टीएफटीसी', म्हणजे डबीबद्दल आभार, हे ज्यानं तीनदा जाऊन जागा नक्की केली त्याच्या तोंडावर मारल्यासारखं वाटतं. आभाळ कसं होतं, कुणी हटकलं का, मुलगी काय म्हणाली, दोन ओळी लिहा.

कुणी हटकलंच तर पळायचं नाही, फोन खिशात टाकायचा नाही. नेरूळच्या एका बागेत बाकाखाली वाकलो असताना पहारेकऱ्यानं "काय हरवलं का?" असं विचारलं. "हरवलं नाही, शोधतोय," म्हणत मी त्याला पडद्यावरचा नकाशा दाखवला. तो शेजारी बसला आणि दोन मिनिटांनी त्यानंच बोट दाखवलं, "ते हिरवं झाकण का? मला वाटलं माळ्याचं काहीतरी." त्याचंही नाव वहीत लिहिलं. इंग्रजीत 'जिओकॅशिंग' म्हणून समजावायला गेलो असतो तर संशय वाढला असता.

मंडळी भेटतात कुठे? युरोप-अमेरिकेच्या मानानं आपल्याकडे डबे फारच थोडे आणि खेळणारे विखुरलेले. खरं सांगायचं तर इथल्या वह्यांत परदेशी पाहुण्यांच्याच सह्या जास्त. म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे की पहिली कॅश लपवण्याआधी भेट, म्हणजे इव्हेंट, जाहीर करा. तीही वेबसाइटवर कॅश म्हणूनच नोंदली जाते. किमान दोन आठवडे आधी पान द्यावं लागतं आणि ठरल्या वेळी तुम्ही निदान अर्धा तास तिथं असायला हवं. चार लोक आले तरी पुष्कळ. त्यातला एखादा डोंबिवलीचा असतो, एखादा दोन दिवसांसाठी पवईत आलेला जर्मन असतो, आणि तुम्हाला ज्या जागेची परवानगी मिळत नाही तिथल्या कुणाची तरी ओळख यातल्याच एखाद्याकडे निघते. सफाईचा इव्हेंट, ज्याला सीटो म्हणतात, तोही करता येतो: डबे शोधता शोधता कचरा गोळा करायचा. उपवन तलावाच्या काठावर गणपती-नवरात्रानंतरच्या रविवारी असा केलात तर काम भरपूर आहे, आणि महापालिकेकडे पुढं परवानगी मागायला जाताना त्या सकाळचे फोटो अर्जाला जोडता येतात.

मधल्या काळात तुम्ही स्वतः इथल्या वीसेक तरी डब्या शोधा. जर्मनीत पन्नास शोधल्या असतील तर त्या इथं मोजू नका. त्यासाठी पुणे, लोणावळा, मुंबई सगळं फिरावं लागेल. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात करा, पावसाळ्यात कुठल्या जागा टिकल्या आणि कुठल्या वाहून गेल्या ते तेव्हा समोरच दिसतं. इव्हेंटसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या रविवारची सकाळ, साडेसात ते साडेआठ, उपवनच्या काठावर. पानावर चहाच्या टपरीची खूण लिहा, अक्षांश-रेखांश शोधून आलेला माणूस शेवटी टपरीच शोधतो.